पाच लाखांच्या सूचनेला मोजमापाची जोड हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून आपापल्या भागातल्या छोट्या कामांच्या सूचना मागवते आणि निवडक कामांना पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जागा देते. एका कामाला पाच लाखांची मर्यादा आहे. लोकांनी खर्च ठरवण्याची ही पद्धत ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये रुजली आणि आपल्याकडे ती सर्वांत आधी अंगीकारणाऱ्या शहरांत पुणे आहे. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचे होते. त्यापुढे पाच लाख म्हणजे समुद्रात थेंब. तरीही गल्लीच्या तोंडाचा पदपथ, शाळेसमोरचा उतार, बागेतला दिवा ही कामे एवढ्याच पैशांत होतात आणि ज्यांची रोजची वाट तिथून जाते त्यांना ती मोठ्या पुलापेक्षा जवळची वाटतात. म्हणूनच या सूचना वाया जाताना पाहून वाईट वाटते. त्यांतल्या बऱ्याचशा नीट लिहिल्या तर वाया जाण्यापासून वाचू शकतात.

साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज मागवले जातात. क्षेत्रीय कार्यालयात छापील अर्ज मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. लोक त्यात काय लिहितात? ‘आमच्या भागातील पदपथ दुरुस्त करावेत’, ‘ज्येष्ठांसाठी सोय करावी’, ‘रस्त्यावर दिवे लावावेत’. अशा वाक्याचे कनिष्ठ अभियंत्याने करायचे काय? पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा बाबवार अंदाज, लांबी, रुंदी, जाडी आणि दर यांवर तयार होते. जागा आणि माप नसलेली सूचना बाजूला पडते, किंवा स्वीकारली गेली तर काम भलत्याच ठिकाणी होते.

सूचना अशी लिहावी: ‘अमुक रस्ता, पूर्वेकडची बाजू, विजेच्या खांब क्रमांक अमुकपासून तमुकपर्यंत, लांबी ४० मीटर, रुंदी १.८ मीटर, मधली चार चेंबरे खोल गेली आहेत, दोन ठिकाणी झाडाची मुळे वर आली आहेत.’ खांबावर रंगवलेला क्रमांक ही जागा सांगण्याची सर्वांत सोपी खूण आहे, कारण दुकानांच्या पाट्या बदलतात. मोजायला बांधकामावरची फीत पुरे. सोबत दोन्ही टोकांची आणि मधली अशी तीन छायाचित्रे जोडावीत.

आता खर्च. ४० मीटर बाय १.८ मीटर म्हणजे ७२ चौरस मीटर. लोक पदपथावर बसवायच्या ब्लॉकचा बाजारभाव ७२ ने गुणतात आणि आकडा पाच लाखांच्या बराच खाली आला म्हणून निर्धास्त होतात. प्रत्यक्ष पत्रकात जुने ब्लॉक काढणे, जमीन सारखी करून दाबणे, खाली १०० मिलिमीटर काँक्रीट, त्यावर साधारण ३० मिलिमीटर वाळूचा थर, ६० मिलिमीटरचे ब्लॉक, ४० मीटर कर्ब (पदपथाची कड धरून ठेवणारे दगड), चेंबरांची झाकणे नव्या पातळीला आणणे आणि राडारोडा उचलून नेणे एवढ्या बाबी येतात. वर १८ टक्के जीएसटी. तो धरला की पाच लाखांतून प्रत्यक्ष कामाला सव्वाचार लाखांच्या आतच उरतात. या बाबी आपल्या हिशेबातून सुटल्या की पत्रक मर्यादेबाहेर जाते आणि मग एकतर काम नाकारले जाते किंवा कडेचे कर्ब गाळून ते मर्यादेत बसवले जाते. दुसरा प्रकार जास्त घातक आहे. कडेला धरून ठेवणारे काही नसेल तर वाळू पावसाबरोबर निसटते, ब्लॉक सरकतात आणि दोन पावसाळ्यांत पदपथ लाटांसारखा होतो. जिथून गाड्या सोसायटीत वळतात तेवढ्या पट्ट्यात ८० मिलिमीटरचे ब्लॉक लागतात, हेही अर्जात लिहावे. सगळीकडे ६० चे घातले की फुटण्याची सुरुवात नेमकी तिथून होते.

खरोखर १५ लाखांचे काम असेल तर त्याचे तीन तुकडे पाडून तीन नावांनी अर्ज करू नयेत. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा, स्वतःपुरता पूर्ण होणारा टप्पा मागावा. मध्येच संपणारा पदपथ कोणाच्याच कामाचा नसतो.

पदपथावरून रस्त्यावर येण्यासाठीच्या उताराबद्दल थोडे सविस्तर, कारण हे काम सर्वांत जास्त मागितले जाते आणि सर्वांत जास्त चुकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि उतार १ ला १२ असावा. म्हणजे १५० मिलिमीटर उतरायला १.८ मीटर लांबी हवी. आपल्याकडे हा उतार अर्ध्या मीटरमध्ये उरकलेला दिसतो. त्यावरून चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस तोल सांभाळू शकत नाही आणि बाळाची गाडी पुढे झुकते. पदपथच १.८ मीटर रुंद असेल तर आडवा उतार सगळी रुंदी खाऊन टाकतो. अशा ठिकाणी कोपऱ्यावरचा पदपथच दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली आणावा लागतो. अर्जात हे शब्दांत मांडता आले नाही तर हाताने आकृती काढून जोडावी. पावसाळी गटाराचे तोंड उताराच्या पायथ्याशी ठेवू नये, ते पाणी येते त्या बाजूला, उताराच्या अलीकडे घ्यावे, नाहीतर पहिल्या सरीला पायथ्याशी डबके साचते. अंधांसाठीच्या पिवळ्या फरशांतल्या लांब पट्ट्यांचा अर्थ ‘पुढे चला’ आणि ठिपक्यांचा अर्थ ‘थांबा’. पट्ट्यांची रांग सरळ खांबावर नेऊन सोडलेली दिसते. ही चूक माणसाला जखमी करणारी आहे आणि ती टाळायला एक पैसाही जास्त लागत नाही.

पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून अडथळ्याच्या खांबांची मागणी सर्रास होते. चाकाच्या खुर्चीसाठी किमान ९०० मिलिमीटरची मोकळी फट ठेवावीच लागते आणि तेवढ्या फटीतून स्कूटरही जाते. खांबांनी चारचाकी अडते, दुचाकी अडत नाही, हे मनाशी ठरवूनच मागणी करावी. बाकांचे काम तुलनेने सोपे. फक्त ते कोणाच्या खिडकीखाली येणार नाहीत याची शेजाऱ्यांशी आधी बोलून खात्री करावी, कारण तक्रार आली की बसवलेला बाकही हलवला जातो.

जागा कोणाची हे आधी पाहणे तितकेच गरजेचे. सोसायटीच्या आवारातल्या खासगी रस्त्यावर महापालिकेचा पैसा खर्च होत नाही. बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या, कालव्याची कड जलसंपदा खात्याची, कॅन्टोन्मेंटची हद्द वेगळी. बसथांब्याचा निवारा शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलकडे, गतिरोधक आणि सिग्नल यांना वाहतूक पोलिसांची संमती. या कामांना पाच लाखांच्या यादीत घालणे म्हणजे वर्ष फुकट घालवणे. काही मागण्यांना तर या निधीची गरजच नसते. दिवा लागतो पण उजेड पडत नाही, कारण फांदी आडवी आलेली असते. तिथे उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज पुरतो. आणि समान पाणीपुरवठा योजनेची किंवा केबलची खोदाई त्या रस्त्यावर व्हायची बाकी आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारूनच पदपथ मागावा. नवे ब्लॉक महिन्याभरात उखडले की पुन्हा ते तसे बसत नाहीत.

अंदाजपत्रकात नाव आले म्हणजे काम झाले असेही नाही. १ एप्रिलनंतर पूर्वगणनपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश हा प्रवास उरतो. पावसाळ्यात ब्लॉकचे काम करू नये, म्हणजे हाती ऑक्टोबर ते मार्च. पत्रक एप्रिल-मे मध्ये झाले नाही तर निविदा दिवाळीनंतर निघते आणि ३१ मार्चला निधी व्यपगत, म्हणजे रद्द, होतो, किंवा त्याआधीच वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे जातो. २०२४-२५ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच आर्थिक वर्षात आल्या. म्हणून सूचना देणाऱ्यांनी एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर अशी तीनदा कार्यालयात विचारणा करावी. राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख नागरिकांना पाहता यावेत अशी सोय केली होती; ती चालू आहे का, हे कार्यालयात विचारावे. पूर्वगणनपत्रक आणि झालेल्या कामाची मापे नोंदवलेली मोजमाप पुस्तिका मागून पाहाव्यात. पुस्तिकेतली लांबी आणि जागेवरची लांबी जुळते का, हे फीत घेऊन दहा मिनिटांत कळते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण त्यात ३० दिवस जातात आणि जानेवारीत गेलेले ३० दिवस भरून निघत नाहीत.

महापालिकेकडे मागणे मोठे नाही. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्यावा आणि नाकारली तर कारण एका ओळीत लेखी कळवावे: जागा महापालिकेची नाही, खर्च मर्यादेबाहेर, काम आधीच मंजूर. नुसते ‘शक्य नाही’ असे उत्तर मिळालेला माणूस पुढच्या वर्षी अर्ज करत नाही, आणि कारण कळलेला माणूस दुरुस्त करून पुन्हा आणतो. या सूचना आणि नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतली कामे एकमेकांशी ताडून पाहावीत, म्हणजे एकच पदपथ दोन्हीकडे दिसणार नाही. काम झाले की जागेवर छोटा फलक लावून त्यावर ठेकेदार, रक्कम आणि दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या मुदतीची, शेवटची तारीख लिहावी. ती तारीख माहीत नसल्यामुळे जे ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचे, त्यासाठी लोक पुढच्या वर्षीचे पाच लाख मागत बसतात.

अर्जाच्या नमुन्यात सध्याच्या माहितीबरोबर खांब क्रमांक, लांबी-रुंदी आणि जागेची मालकी असे तीन रकाने वाढवावेत आणि क्षेत्रीय कार्यालयांनी मुदत संपण्याआधी एका शनिवारी कनिष्ठ अभियंत्यांना अर्जदारांसोबत जागेवर पाठवावे. पुढचे आवाहन निघण्यापूर्वी एवढे करणे महापालिकेला सहज शक्य आहे.

आपले,
प्रभाग पातळीवर काम करणारे काही नागरिक, पुणे