जॅझ गिटार ऐकायचीय ना, मग हळू वाजणाऱ्यापासून सुरू कर

सांगली, रविवार रात्र

गड्या,

परवा फोनवर विचारलंस, झाकीरभाई आणि जॉन मॅकलॉफ्लिनचा तो शक्ती बँड ऐकून झाला, झाकीरभाईंसाठी लावलं आणि मॅकलॉफ्लिनची गिटारच डोक्यात बसली, आता जॅझ गिटार ऐकायचीय तर काय लावू. मी स्टँडवर होतो, गाडी लागलेली, धड बोलताच आलं नाही. म्हणून आता निवांत लिहितोय. आधी एक सांगतो, शक्तीसारखंच काहीतरी शोधत बसू नकोस. ती गिटार मॅकलॉफ्लिनने मुद्दाम तशी बनवून घेतलेली, सतारीच्या तरफांसारख्या जादा तारा, पडद्यांच्या मधली पट्टी कोरून खळगे केलेले, म्हणजे तार दाबून मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणं, काढता यावी. जॅझची नेहमीची गिटार तशी नसते.

तुला पहिल्यांदा काय वाटणार ते मला माहितीये. आवाज मंद वाटणार, गोधडीखाली ठेवून वाजवतायत की काय असा. मलाही तसंच झालेलं. आपला कान जवारीवर, म्हणजे सतार-तानपुऱ्याच्या तारेच्या त्या झणझणत्या गुंजनावर, वाढलाय रे. मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलेलो आपण, आठवतंय का, तो कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे, दर वेळी तार छेडून कान लावायचा, आणि एका जागी तार एकदम बोलायलाच लागली. तू चहाचा कप तसाच हातात धरून उभा होतास. आपण कुठलंही तंतुवाद्य ऐकताना त्या गुंजनाची वाट बघतो. जॅझवाले बरोबर उलटं करतात. जाड तारा, त्यापण वरून गुळगुळीत गुंडाळलेल्या, टोनचं बटण खाली, झणझण सगळी काढून टाकायची आणि मधला गोल गाभा तेवढा ठेवायचा. त्या गाभ्याला कान सरावायला मला आठवडा लागला, तुला कमी लागेल.

त्यासाठी पहिला वेस माँटगोमेरी घे. १९६० चा 'दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी'. हा माणूस दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा, आणि नखी नाही, नुसत्या अंगठ्याने. घरी रियाज करताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अंगठ्यावर आला असं सांगतात, आणि तोच मऊ आवाज त्याची ओळख झाला. 'वेस्ट कोस्ट ब्लूज' लाव आणि त्याची बढत बघ, होय बढतच म्हणतो मी. आधी एकेक सूर, मग तोच सूर दोन सप्तकांत एकदम, मग पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र. घाई कुठेच नाही आणि तरी चढत जातं. १९६८ साली गेला, फक्त ४५ वर्षांचा होता.

आणि चाल सुटली, हरवलो, असं वाटलं तर घाबरू नकोस. सुरुवातीला जी धून वाजते तिच्या खालचं कॉर्डचं चक्र शेवटपर्यंत फिरत राहतं, समज ३२ बारचं, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, आपल्या आवर्तनासारखं. सोलोवाला त्यावरच बोलत असतो. डबलबास ऐकत राहा, तो तुला समेवर आणून सोडेल.

आता माझा खरा जीवाचा अल्बम. जिम हॉल आणि बिल एव्हान्स, 'अंडरकरंट', १९६२ चा. गिटार आणि पियानो, बास नाही, ड्रम नाही, बस. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला मावशीकडे गेलो, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, लाईट यायची जायची, आणि फोनमध्ये डाउनलोड केलेला हा एकच अल्बम होता. कव्हरवर पाण्यात तरंगणारी बाई आहे, ते तेव्हा बघवायचं नाही, म्हणून फोन पालथा ठेवून ऐकायचो. 'माय फनी व्हॅलेंटाईन'मध्ये पियानोचा सोलो चालू असताना हॉलकडे लक्ष दे. अँपचा, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरचा, आवाज इतका कमी केलाय की तारांवर हात फिरल्याचा कोरडा लाकडी आवाज येतो, आणि तोच तबला होऊन जातो. साथ कशी करावी हे मला त्या चार रात्रींत कळलं. आजही हा लावला की मावशीच्या माळ्यावरच्या ओल्या गाद्यांचा वास येतो.

जँगो राइनहार्टपण ऐकच, राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं अधू झालेली आणि उरलेल्या दोन बोटांवर मुख्यतः ते सगळं, १९३७ चं 'मायनर स्विंग' एवढं ऐकलंस तरी चालेल. केनी बरेलचा १९६३ चा 'मिडनाइट ब्लू' जेवण झाल्यावर. जो पासचा 'व्हर्चुओसो' मात्र आत्ता नको, एकटा माणूस एका गिटारवर सगळं वाजवतो, थोर आहे, पण आत्ताच ऐकलास तर नुसती बोटंच दिसतील.

आणि रात्री सगळे झोपल्यावर ग्रँट ग्रीनचा 'आयडल मोमेंट्स'. १९६३ च्या नोव्हेंबरात रेकॉर्ड झाला. पहिल्याच गाण्यात ग्रीनने ठरल्याच्या दुप्पट बार वाजवले आणि मग बाकीच्यांनीपण तसंच केलं, गाणं गेलं पंधरा मिनिटांवर. रेकॉर्डवर मावेना. तर ते गाणं कापलं नाही त्यांनी, बाकीच्यांपैकी दोन गाणी नंतर येऊन पुन्हा छोटी करून वाजवली. ऐकलंस की कळेल का ते. गिटार, मग पियानो, मग सॅक्सोफोन, आणि अगदी शेवटी व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्या, जलतरंगाच्या जवळचा आवाज. तो सुरू झाला की मला फोन कर, किती का वाजलेले असेनात, मी उचलतो.

तुझाच