एक घर सरकलेल्या प्याद्यासाठी

आदरणीय काका,

सादर नमस्कार. हे आभार तोंडावर मानले असते तर तुम्ही "चाल बे, पट मांड" म्हणून विषय उडवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहून टाकतो.

मागच्या मे महिन्यात मी बुद्धिबळ सोडायला निघालो होतो. एका खुल्या रॅपिड स्पर्धेत सात फेऱ्यांत दीड गुण! पाच डाव पोरांनी मारले, त्यातल्या दोघांचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. ज्या नागपुरात हे घडतं तिथल्या पोरांनी बेचाळीस वर्षांच्या बँक क्लार्कला कशाला घाबरावं? ती ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली पाठ करून येतात. मी रात्री जागून पाठ केलेलं नवव्या चालीला विसरतो.

महालातली तुमची ओसरी, कूलरची खडखड. माझी रडकथा ऐकून तुम्ही पांढऱ्याचं अगदी डाव्या कडेचं प्यादं एक घर सरकवलं. ए३, म्हणजे ए या उभ्या रांगेतलं तिसरं घर. (प्यादं कसलं, हरवलेल्या प्याद्याच्या जागी ठेवलेली सुपारी.) मला हसू आलं. मध्यावर ताबा नाही, घोडा-उंट बाहेर नाही, ही काय चाल झाली? तुम्ही म्हणालात, "पह्यले त्याले बोलू दे ना. तुले कायची घाई हाये?"

मग तुम्ही जुन्या काळच्या जर्मन खेळाडू अँडरसनची गोष्ट सांगितलीत. १८५८ साली पॅरिसमध्ये अमेरिकेच्या मॉर्फीने त्याला ७-२ असं लोळवलं, दोन डाव बरोबरीत. त्या सामन्यात अँडरसन तीनदा ए३ खेळला: एक हरला, एक बरोबरीत सुटला, एक जिंकला. अकरा डावांत मिळालेल्या तीन गुणांतले दीड या एका चालीचे. बाकी सगळीकडे मॉर्फी त्याच्या पुढे धावत होता.

खरी मजा त्यानंतर होती. काळ्याने ई५ केलं की आपण सी४. पट उलटा फिरवून बघ, म्हणालात. दिसली ती सिसिलियन, म्हणजे ई४ ला काळ्याने सी५ ने द्यायचं उत्तर, फक्त रंग बदललेले. काळ्याने सिसिलियन खेळताना कितीतरी प्रकारांत ए६ करावंच लागतं, बी५ वर घोडा-उंट येऊ नये म्हणून. इथे आपलं ते काम पहिल्याच चालीत झालेलं, बी४ चं घर बंद. म्हणजे चाल वाया गेली नाही, आगाऊ भरली. १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या माइल्सने तेव्हाच्या जगज्जेत्या कार्पोव्हच्या ई४ ला ए६ असं उत्तर दिलं आणि डाव जिंकला, तेव्हा त्याच्याकडे तर पांढऱ्या सोंगट्याही नव्हत्या.

आणि तुम्ही खोटं कौतुक केलं नाहीत, याचे आभार जास्त. पांढऱ्याचा पुढाकार यात जातो, हे तुम्ही आधीच सांगितलंत. काळा शांतपणे जी६ करून उंट जी७ वर नेऊन बसला, तर ए३ चा फारसा उपयोग नाही. मग साधा डाव खेळायचा, रुसायचं नाही. देशी पद्धतीत वाढलेल्या तुम्हाला, जिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, या संथपणाचं काही वाटत नसावं. मला मात्र तो पचायला महिना लागला. पहिले चार डाव मी नुसता दबून खेळलो आणि चेंगरलो. तेव्हा तुम्ही चिडलात: "थांबणं येगळं न् झोपणं येगळं!" पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी सहा ते सात तुम्ही काळ्या घेऊन बसलात, डोळ्याच्या ऑपरेशनचा आठवडा सोडून.

परवाच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत समोर अकरा वर्षांचा मुलगा. मी ए३ केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या पटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ई५ पटकन आलं. सी४ नंतर तो थांबला तो चार मिनिटं. डावाच्या पंधरा मिनिटांतली चार! त्याची वही तिथेच संपली होती, माझी तर कधी नव्हतीच. डाव हत्तींच्या शेवटात बरोबरीत सुटला. जिंकायला हवा होता, एक प्यादं जास्त होतं. ते कसं घालवलं ते दाखवतो तेव्हा शिव्या घाला.

डाव संपल्यावर त्याने विचारलं, "काका, ही चाल कोणी शिकवली?" मला काका म्हणाला, तेवढं सोडा. तुमचं नाव सांगितलं. त्याला यायचंय, आईला घेऊन.

तर रविवारी आम्ही तिघं येतोय. येताना तर्री पोहे आणतो, तुमच्यासाठी बिनतर्रीचे, काकूंचा हुकूम आहे. पटाला नवं प्यादं घेतलंय, पण सुपारी फेकू नका.

तुमचा,
समोरच्या वाड्यातला