काप तिरका का येतो

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. लोखंड कापायचं, फिरत्या चकतीचं कट-ऑफ मशीन आणलंस ते बरं केलंस, आणि लगेच त्याच्या नावाने बोटं मोडायला लागलास हेही तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. फ्रेमचे कोपरे जुळत नाहीत म्हणून मशीन परत करायला निघू नकोस. पाइप आवळून धरणाऱ्या व्हाइसवर कोरलेल्या अंशांच्या खुणा हा नुसता अंदाज असतो. ४५ च्या रेघेवर आणलं म्हणजे ४५ मिळाले असं समजणारे आयुष्यभर फटी वेल्डिंगने भरत बसतात.

आधी प्लग काढ. मुंडकं, म्हणजे मोटर-चकतीचा वरखाली होणारा भाग, खाली दाबून अडकव. गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) एक बाजू व्हाइसच्या मागच्या जबड्याला लाव, दुसरी चकतीच्या सपाट अंगाला. जबड्याचे बोल्ट सैल करून फट मिटव आणि आवळ. आवळताना जबडा बहुतेक वेळा केसभर सरकतोच, तेव्हा गुण्या पुन्हा लावून बघ. खरी परीक्षा मात्र कापाची. सरळ चौकोनी पाइप काप, दोन्ही तुकडे सपाट जागेवर ठेव, एक तुकडा पालथा कर आणि कापलेली टोकं भिडव. चूक आता दुप्पट होऊन दिसेल. वरून बघताना पाचरीसारखी फट दिसली तर जबडा लावायचा राहिलाय. बाजूने बघताना दिसली तर जबड्याला हात लावू नकोस, पाइपखाली लोखंडाचा कीस अडकलाय का ते बघ. तेही नसेल, तर तू दाबतोयस.

माझा संशय दाबण्यावरच आहे. चकती जेमतेम ३ मिलिमीटर जाड, जोर लावला की वाकते आणि काप खाली जाता जाता तिरका होतो. हलकेच टेकव, खाच पडू दे, मग एकसारखा दाब ठेव. मोटरचा आवाज पडला की हात सैल कर. पण नुसती घासतही बसू नकोस. चकती झिजायलाच हवी, बोथट कण गळून पडले तरच नवे धारदार कण वर येतात. नाहीतर ती गुळगुळीत होते, कापत नाही, फक्त तापवते. अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, छपरासारखा पालथा धर, पट्टी आडवी न ठेवता उभ्या धारेवर. एका वेळी जितकं कमी लोखंड चकतीखाली येईल तितकं बरं. लांब पाइपाच्या टोकाला व्हाइसच्या तळाइतक्याच उंचीचा ठोकळा दे, नाहीतर काप आवळला जाऊन चकती त्यात अडकते.

चकती अडकणं ही किरकोळ बाब नव्हे. ३५५ मिलिमीटरची चकती मिनिटाला ३८०० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. म्हणून चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा. मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, तीही वाच. डिंकासारखं जे रेझिन कण धरून ठेवतं, ते जुनं होऊन किंवा ओल लागून कमजोर पडतं. खाली पडलेली चकती सरळ टाकून दे. चकतीला दोन्ही अंगांनी धरणाऱ्या फ्लँज सारख्या व्यासाच्या आणि स्वच्छ हव्यात, आणि नट चकती घट्ट धरेल इतकाच आवळ. नवी चकती चढवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामी फिरव.

आणि तुला काटकसरीची खोड आहे म्हणून आधीच बजावतो: झिजून लहान झालेली चकती हँड ग्राइंडरवर चढवायची नाही. लहान ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या घरात फिरतात. त्या वेगासाठी ती चकती बनवलेलीच नाही. गार्ड काढून मोठी चकती बसवणारेही मी पाहिलेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. दातांचं लाकडाचं ब्लेड या मशीनवर नको, ॲल्युमिनियम नको, आणि चकतीच्या अंगावर काही घासणं तर नकोच.

नुसता चष्मा पुरत नाही, त्यावर फेस शील्ड घाल. कानात प्लग, नाकावर मास्क, अंगात सुती कपडे, बाह्या घट्ट. जस्ताचा मुलामा असलेला पाइप कापायचा असेल तर उघड्यावर काप, तो धूर छातीत जाऊ देऊ नकोस. ठिणग्या मागे दूरवर जातात. थिनरचा डबा, चिंध्या, लाकडाचा भुसा त्या दिशेला नको. भुशातली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते, म्हणून काम संपवून लगेच कुलूप लावून निघू नकोस, अर्धा तास तिथेच आवराआवर कर. कापलेला तुकडा चकती पूर्ण थांबेपर्यंत उचलायचा नाही, आणि त्यानंतरही पकडीनेच.

पाइप पालथा घालून झाला की फट वरून दिसते की बाजूने, एवढं कळव. दोन्हीकडून दिसली तर आधी जबडा लाव, मग दाबाकडे बघू. आणि मुंडक्याच्या बिजागरीच्या पिनेला हाताने हलवून खेळ लागतो का तेही बघून ठेव. तिथे खेळ असेल तर बाकी कितीही लावलंस तरी काप रोज वेगळा येईल.

तुझा,
विनू