ट्रेंटनच्या ताईंना

ताई,

काल ह्यांचे कपडे आवरायला काढले. दीड महिना त्या कपाटाला हात लावला नव्हता. करड्या जाकिटाच्या आतल्या खिशात एक कागद सापडला. पिवळा, रेघांचा, दोन घड्या घातलेला. त्या घड्या तुमच्या हातच्या आहेत. म्हणून हे पत्र.

तुम्हाला मराठी येत नाही, मुलगी वाचून दाखवेल. पण मी मुद्दाम मराठीत लिहितेय. आधी आपल्या माणसांनी वाचावं. त्यातल्या काहींना झोंबेल. झोंबू दे.

तुम्ही भेटलात तेव्हा ह्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूचा आजार, होऊन अकरा वर्षं झाली होती. दिवस कसाबसा निघायचा, रात्र निघायची नाही. दोन्ही पाय लाकडासारखे ताठ व्हायचे. मी उठून गुडघा दोन्ही हातांनी धरून हळूहळू वाकवायची, तो सैल पडेपर्यंत दुसरा ताठलेला. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेन गोळीचा डोस वाढवला की सकाळी जेवताना ताटावर मान पडायची. असं रात्रीतून तीनदा, चारदा. वर्षानुवर्षं.

आणि गंमत बघा. न्यू जर्सीत जानेवारी २०१० मध्ये गव्हर्नर कॉर्झाइन यांनी जाता जाता औषधी गांज्याच्या ज्या कायद्यावर सही केली, त्यातल्या आजारांच्या यादीत हा आजार पहिल्यापासून होता. २०१२ च्या डिसेंबरात माँटक्लेअरला पहिलं दुकानही उघडलं. आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल? मी एकदा भीत भीत विचारलं तर कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, "आम्ही त्यात पडत नाही." बरं, नका पडू. पण कोण पडतं तेवढं तरी सांगायचं होतं. नऊ वर्षं कुणी सांगितलं नाही.

आपल्या लोकांबद्दल काय बोलावं. दिवाळीच्या जेवणात एक गृहस्थ सगळ्यांसमोर ह्यांच्या व्हीलचेअरवर हात टेकून म्हणाले, "काय, आता चिलीम ओढणार म्हणे!" दुसऱ्या हातात त्यांचा तिसरा पेग होता. फोनवर माझा सख्खा भाऊ म्हणाला, "भावजींना गांजेकस करतेस काय?" आम्ही त्र्यंबकेश्वरची माणसं. कुंभात साधूंच्या चिलमीचा धूर अंगावर घेत माझी आजी त्यांना शिधा वाढायची आणि वर पाया पडायची. महाशिवरात्रीला भांग घोटली जायची तेव्हा हाच भाऊ वाटी घेऊन पुढे असायचा. १९८५ च्या कायद्याने झाडाच्या शेंड्याला गुन्हा ठरवलं, नुसत्या पानाला सोडून दिलं, आणि आपण पानाला प्रसाद म्हणतो नि शेंड्याला पाप. असो. हा राग आज नको.

तुम्ही आम्हाला भेटलात ते २०१९ च्या ऑक्टोबरात, एडिसनला लायब्ररीबाहेर, घडीचं टेबल मांडून बसलेल्या. निवृत्त स्कूल-बस ड्रायव्हर. मुलाला गाडीत चिमूटभर गांज्यासह पकडलं आणि त्याची नोकरी गेली, तेव्हापासून कायदा बदलावा म्हणून तुम्ही राज्याच्या राजधानीच्या, ट्रेंटनच्या, वाऱ्या करत होतात. ओढणारे गोरे आणि काळे सारखेच, पण पकडले जाणारे काळे तिप्पट, हे तुम्ही मला हवापाण्याच्या सुरात सांगितलंत. त्याच वर्षी मार्चमध्ये, आजारी नसलेल्या प्रौढांनाही गांजा कायदेशीर करण्याचं विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये मतं कमी पडतात म्हणून मतदानाला आलंच नव्हतं. आता जनतेलाच कौल विचारावा यासाठी तुमची सगळ्यांची धडपड चालली होती. तुम्हाला साक्षी हव्या होत्या. खऱ्या रुग्णांच्या.

आमची साक्ष सोन्यासारखी होती, हे मला नंतर कळलं. इंजिनिअर माणूस, कधी सिगारेट ओढलेली नाही, व्हीलचेअरमध्ये बसलेला, शेजारी साडीतली बायको. आमदारांनी मान वळवून ऐकलं असतं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही घरी आलात. सांगायच्या आधी दारात बूट काढलेत. ह्यांनी दोन दिवस खपून, थरथरत्या हाताने, अर्धं पान लिहून ठेवलं होतं: मी औषधी गांज्याचं रुग्ण-कार्ड काढणार आहे, औषध घेणार आहे, समितीपुढे येऊन बोलणार आहे. तुम्ही चष्मा लावलात, दोन ओळी वाचल्यात, थांबलात.

"तुम्ही नागरिक आहात?"

"ग्रीन कार्ड आहे. नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय," हे म्हणाले.

तुम्ही पुढचं वाचलंच नाहीत. कागदाची घडी घातलीत, मग आणखी एक, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या जाकिटाच्या खिशात तो सरकवलात. वरून दोनदा हात फिरवलात, बाळाला थोपटावं तसा. म्हणालात, "राज्य तुम्हाला कार्ड देईल. पण नागरिकत्व वॉशिंग्टन देतं, आणि त्यांच्या यादीत हे अजून हेरॉइनच्या शेजारी आहे. आधी वकिलाला विचारा. तोवर काही घेऊ नका, काही लिहू नका, माझ्याबरोबर कुठे येऊ नका."

वकील म्हणाला, बाई बरोबर बोलतात. राज्यात कायदेशीर असलं तरी गांज्याशी संबंध आला तर अर्ज अडू शकतो, असं त्याच एप्रिलमध्ये सरकारने लेखी जाहीर केलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात जाऊन रांगेत उभं राहिलो असतो आणि पावती जपून ठेवली असती. आम्ही पावत्या जपणारी माणसं.

ताई, चळवळ करणाऱ्यांना माणसं लागतात. मी देशात आंदोलनं पाहिली आहेत, माणूस गोळा कसा करतात ते मला ठाऊक आहे. एकदा नाव लिहून घेतलं की पुढे त्याचं काय होतं ते कोण बघतो? तुम्ही हातात आलेली साक्ष परत खिशात घातलीत. त्या दोन घड्यांत आमचं घर वाचलं.

आणि नंतर येणं थांबवलं नाहीत. आमच्याकडून काही मिळणार नव्हतं तरी दर गुरुवारी हजर. गुडघा कसा वाकवायचा ते माझ्याकडून शिकलात आणि मला सोफ्यावर झोपायला पाठवलंत. माझ्या चहातल्या आल्याने घसा जळतो असं म्हणत दोन कप प्यायचात.

२०२० च्या फेब्रुवारीत नेवार्कला नागरिकत्वाची शपथ झाली. मग कार्ड, आणि लगेच ती महामारी. दुकानवाले औषध गाडीच्या खिडकीशी आणून द्यायचे. जिभेखाली थेंब. पहिल्याच आठवड्यात एका रात्री तीन वाजता मी दचकून उठले, कारण ह्यांनी मला उठवलं नव्हतं. अंधारात नाकाशी बोट धरून श्वास बघितला. माणूस घोरत होता.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पाय चालू लागले नाहीत, आजार पुढे सरकतच राहिला. एकदा तुमचं "थोडं घ्या आणि दोन तास थांबा" न ऐकता दुप्पट घेतलं आणि मला रात्रभर विचारत बसले की भिंतीवरचं घड्याळ कुणी बंद केलं. विम्याने एक डॉलर दिला नाही. पण झोप मिळाली. दोघांना.

त्या नोव्हेंबरात मतपत्रिका पोस्टाने घरी आली. आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत. गांजा कायदेशीर करावा का, या प्रश्न क्रमांक एकचा तो छोटा गोल भरायला ह्यांना बराच वेळ लागला. मी पेन धरायला पुढे झाले तर हात झटकला. ६७ टक्के लोकांनी हो म्हटलं, त्यात हे एक. २०२१ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर मर्फी यांची सही झाली, २०२२ च्या एप्रिलमध्ये दुकानं एकवीस वर्षांवरच्या सर्वांना खुली झाली. लोक रांगांचे फोटो काढत होते. तुम्हाला फोन केला तर तुम्ही कुठल्याशा चर्चच्या तळघरात लोकांना जुने गुन्हे पुसले गेले की नाही ते शोधून देत बसला होतात. कोर्टांनी साडेतीन लाखांहून जास्त प्रकरणं पुसली. त्यात तुमच्या लेकाचंही एक होतं, हे तुम्ही मी विचारलं तेव्हा सांगितलंत.

काल कागद उघडला. तुम्ही न वाचलेल्या शेवटच्या ओळीत ह्यांनी लिहिलंय, "माझ्या पायांचं काही झालं नाही तरी चालेल, माझ्या बायकोला झोप हवी आहे." मला कधी बोलले नाहीत.

घरी गांज्याचं एक रोप लावलं तर अजूनही या राज्यात गुन्हा आहे, आणि त्यासाठी तुम्ही पुन्हा ट्रेंटनला खेटे घालताय, असं मुलीकडून कळलं. मी आता नागरिक आहे. गाडी मला येत नाही, गुडघे बरे आहेत. गुरुवारी या, कागद तयार ठेवते. आलं कमी घालीन.