भुयारातल्या स्वयंपाकाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

राक्षस मारून शिजवून खायचे यात विनोद तो काय, आणि तो १४ खंड पुरतो कसा, असं तू विचारलं आहेस. र्‍योको कुई यांची ‘डंजन मेशी’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका २०१४ ते २०२३ अशी ‘हार्ता’ या जपानी मासिकात चालली. ‘मेशी’ म्हणजे शिजवलेला भात, आणि जेवणसुद्धा. नावातच सगळं आलं: भुयारातलं जेवण.

कथेची मांडणी आधी नीट बघ, कारण हसू तिथूनच येतं. भुयारात उतरलेल्या टोळीचा म्होरक्या लायोस. त्याच्या बहिणीला, फालिनला, लाल ड्रॅगन गिळतो. गिळला जाण्याआधी ती मंत्राने बाकीच्यांना भुयाराबाहेर पोचवते. सामान आतच राहतं, पैसे संपलेले. या भुयारात मेलेल्याला परत जिवंत करता येतं, पण ड्रॅगनने तिला पुरतं पचवलं तर परत आणायचं काय? म्हणजे घाई आहे. शिधा घ्यायला पैसे नाहीत, आणि पैसे मिळवत बसायला वेळ नाही. मग वाटेत जे भेटेल ते खायचं. इतका रोकडा हिशेब आहे, म्हणून पुढचा प्रत्येक विचित्र घास पटतो.

पहिलाच पदार्थ म्हणजे मोठा विंचू आणि चालती अळंबी यांचा रस्सा. लायोस उत्साहाने सुरुवात करतो आणि चुकतो. तेवढ्यात सेन्शी हा दाढीवाला ड्वार्फ (गोष्टींतल्या ठेंगण्या जातीचा) मध्ये पडतो. दहा वर्षांहून जास्त काळ तो भुयारातलंच अन्न खात आलाय. विंचवाची नांगी पोटाला बाधते म्हणून ती काढायची, अंगाला चिरा द्यायच्या म्हणजे आच आत पोचते आणि अर्क रश्शात उतरतो. अळंबीचे पाय टाकायचे नाहीत, चव तिथेच असते. स्लाइम, म्हणजे बुळबुळीत गोळ्यासारखा राक्षस, तसाच खाता येत नाही. लिंबाच्या जातीच्या फळाचा रस घातलेल्या गरम पाण्याने धुवायचा, पुसायचा, मीठ चोळायचं आणि वाळवायचा. आपल्याकडे सुकी मासळी करणाऱ्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

सगळ्या पात्रांचे चेहरे गंभीर असतात. सेन्शी मीठ किती घालायचं याचा विचार करतोय, मार्सिल ही एल्फ (लांब कानांच्या जातीची) जादूगार किंचाळून नको म्हणतेय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मार्सिलच्या तोंडाच्या रेषा बघ. कुई दोन-चार फटकाऱ्यांत किळस, भूक आणि नाइलाज एकत्र काढतात. शेवटी ती पहिला घास घेते आणि चव चांगली निघते, ते पान तर कितीही वेळा पाहावं.

मला सगळ्यात आवडतं ते चालतं चिलखत. आत भूत नाही, शिंपल्यांच्या जातीचे मऊ जीव आहेत. एकेका भागात एकेक जीव, आणि ते मिळून चालतात. हे कळल्यावर शिरस्त्राणातला मऊ भाग वाफवायचा, बाकीचा परतायचा, थोड्याचं सूप करायचं, हे ओघानेच आलं. भुयारात येणाऱ्याला अडकवायला लावलेल्या सापळ्यांचंही तसंच. एका सापळ्यातून उकळतं तेल उडतं, दुसऱ्यातून आग. कुलपं आणि सापळे सांभाळणारा चिलचक कळवळून सांगतोय की हे असं वापरायचं नसतं, आणि सेन्शी त्याच तेलात मँड्रेकच्या, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या मुळाच्या, काकीआगे तळतो. काकीआगे म्हणजे आपल्या कांदाभजीच्या जवळचा प्रकार.

चुका झाल्या की त्यांचंही कारण दिलेलं असतं. क्राकेन या राक्षसी समुद्रजीवाच्या अंगातला अजस्र परजीवी भाजून खाताना लायोस थोडा कच्चाच चाखतो. रात्री पोटात कळा, कारण त्या परजीवीच्या अंगातही परजीवी होतेच. हसता हसता ‘कच्चं खाऊ नये’ हे पक्कं डोक्यात बसतं. सेन्शी गोलेमच्या, म्हणजे मातीच्या चालत्या पुतळ्याच्या, पाठीवर भाज्या पिकवतो आणि भुयारातल्या संडासांचा मैला खत म्हणून घालतो. काढलेल्या गोष्टीची परतफेड करायची, एवढाच त्याचा हट्ट. पुढे कथा काळोखी होते, तेव्हा हाच खाण्याचा आणि खाल्लं जाण्याचा नियम गळ्याशी येतो. काय होतं ते लिहीत नाही.

वाचताना पानं उजवीकडून डावीकडे घे. प्रत्येक पदार्थाबरोबर साहित्य, कृती आणि पोषणाचा आलेख असतो, तो चाळून पुढे जाऊ नकोस. बरेच विनोद त्या चौकटीत आहेत. ट्रिगर स्टुडिओने यावर केलेल्या ॲनिमेशन मालिकेचे २०२४ चे २४ भाग चांगलेच आहेत, रंगांत जेवण जास्त खुलतं, पण अख्खी गोष्ट त्यात नाही. पुस्तकाचा पहिला खंड एका बैठकीत होतो, सातच प्रकरणं. तो वाचून ‘नुसतं खाणंच आहे’ असं वाटलं तरी सोडू नकोस, ड्रॅगन चौथ्या खंडात आहे. आणि पाचवा हाताशी असल्याशिवाय चौथा संपवायला बसू नकोस.

तुझाच,
मित्र