नंदे, आईंचा स्टेंट मी लिहून टाकला

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, रात्र

प्रिय नंदे,

फोनच करणार होते, पण आमच्या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. आईंचे कान अजून तिखट आहेत आणि मोहन टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकतो. दोघांच्याही कानावर जायला नको अशी गोष्ट आहे, म्हणून कागद घेतला. तुझ्या वास्तुशांतीला आले नाही त्याचा राग पुढच्या पत्रात काढ, आत्ता माझं ऐकून घे. प्रकृत्या बऱ्या. माझा गुडघा तसाच, मोहनची साखर तशीच.

तर आम्ही मे महिन्यात स्वित्झर्लंडला चाललोय. हसू नकोस. आयुष्यभर महाबळेश्वरच्या पुढे न गेलेला माणूस तुझ्या ओळखीचा आहे, त्याला हे कसं सुचलं असं विचारशील. त्याला नाही सुचलं, आईंना सुचलं. चिन्मयनं पहिल्या नोकरीतले पैसे साठवले होते. आजीला म्हणाला, कुठं जाऊया सांग. या बाईनं काशी नाही, रामेश्वर नाही, 'बर्फ दाखव' म्हटलं. आता चौघांची तिकिटं निघाली, पुण्याला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, माणशी ९० युरो व्हिसाची फी. आणि विमा.

विम्यावर मोहनचं मत तुला ठाऊक आहे. महालक्ष्मीचं तिकीट काढताना ४५ पैशांत दहा लाखांचा विमा मिळतो, तेव्हापासून जगातला प्रत्येक विमा त्याला त्या भावात हवा असतो. (त्या रेल्वेच्या विम्याला नॉमिनीचं नाव नंतर लिंकवर जाऊन भरायचं असतं, ते यानं एकदाही भरलेलं नाही. पैसे कुणाला मिळणार, इंजिन ड्रायव्हरला?) शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याला, विमा सक्तीचा आहे म्हटल्यावर त्यानं अर्धा तास युरोपला शिव्या घातल्या. मग जेवायच्या टेबलावर नियम मोठ्यानं वाचायला घेतला: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर पाहिजे, सगळ्या शेंगेन देशांत चाललं पाहिजे, मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पाहिजे, आणि मृत्यू झाल्यास देह मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात धरलेला पाहिजे. मी टेबलाखालून पाय मारेपर्यंत हे वाक्य वाचून झालं होतं. आई आमटी वाढून घेत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे परत आणायची सोय आहे की. मग काळजी कसली?"

तुला दुबईत वारलेले बापू आठवले असतील आत्ता. मलाही तेच आठवले. म्हणून तर तुला लिहितेय.

हरभट रोडवरच्या टूरवाल्या पोरानं सरळ सांगितलं, "मावशी, सगळ्यात स्वस्तातली घ्या. व्हिसावाले फक्त सर्टिफिकेट बघतात, ३०,००० युरो आणि तारखा. आणि आजींच्या आजारापुढं 'नाही' टिक करा, नाहीतर प्रीमियम उगाच वाढतो." पोरगा वाईट नाही गं, त्याचं काम व्हिसा हातात देण्यापुरतं. व्हिसाच्या खिडकीवर चालणारी पॉलिसी दवाखान्याच्या खिडकीवर चालेलच असं नाही, हे त्यानं कशाला सांगावं?

मग मी चार रात्री बसून पॉलिस्यांचे ते बारीक अक्षरातले कागद वाचले. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांची कागदपत्रं तपासली, त्याचा एवढा तरी उपयोग. काय काय निघालं सांगू? मी, मोहन, चिन्मय असा एकच फॅमिली विमा निघेल वाटलं होतं. निवडलेल्या पॉलिसीत चिन्मय वयामुळं 'मूल' या सदरात बसेना. अजून टॉवेल बेडवर टाकणाऱ्याला हे म्हणे प्रौढ! आईंची तर वेगळीच काढावी लागते, सत्तरीच्या पुढची. त्यातही काही ठिकाणी कव्हर मोठं दिसतं, पण म्हाताऱ्या माणसाला खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, सर्जनची फी इतकीच, अशा आतल्या मर्यादा घातलेल्या असतात. वर पन्नास म्हणा, शंभर म्हणा, पहिले काही डॉलर आपल्या खिशातून. व्हिसा नाकारला तर तिकिटाचे पैसे बहुतेक पॉलिस्या देत नाहीत. आणि जायच्या आधी घरात कुणी आजारी पडून सहल रद्द झाली तर त्याचं कव्हर विमा घेतल्यापासून चालू होतं, म्हणून आदल्या दिवशी घेण्यात काही शहाणपण नाही. मोहन म्हणाला, आपल्या क्रेडिट कार्डावर फुकट विमा आहे. बघितलं. विमान पडलं तर आहे. न पडता माणूस आजारी पडला तर नाही.

आता मुद्दा. आधीपासूनच्या आजारांचं सगळीकडे थोड्याफार फरकानं असं: जुन्या आजारातून काही उद्भवलं तर मिळणार नाही. काही पॉलिस्यांत जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरतं, ठरावीक रकमेपर्यंत मिळतं, पण ते आधी लिहिलेलं असेल तर. आणि आपण 'नाही' टिक केलं आणि पुढं कुणी जुनी फाईल काढली, तर तेवढंही गेलं. आईंचा स्टेंट आहे, बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज आहे. मिरजेच्या डॉक्टरांकडे सगळं लिहिलेलं आहे. झुरिकच्या डॉक्टरनं शर्टाचं बटण काढल्या काढल्या पहिला प्रश्न कोणता विचारायचा? "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आणि आई अभिमानानं डबीच पुढं करणार, सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली.

मोहनला हे सांगितलं तर म्हणाला, "काही होत नाही गं. दहा दिवसांचा प्रश्न आहे." नंदे, काही होत नाही हे मलाही माहीत आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव म्हाताऱ्या बर्फ बघून, फोटो काढून, चॉकलेटं घेऊन परत येतात. पण काही झालंच, तर फोन कानाला लावून "होल्ड प्लीज" ऐकत कोण उभं राहणार? मोहन? त्याला गॅस नोंदवताना घाम फुटतो. मीच. आणि पलीकडून एक गोड आवाज सांगणार, मॅडम, हे आपण डिक्लेअर केलेलं नव्हतं.

हे वाक्य तू ऐकलंयस. मी ऐकलंय ते फक्त तुझ्याकडून, दुबईहून आलेल्या त्या फोनवर. नंतर वकिलातीचं ना-हरकत पत्र, एम्बामिंगचा दाखला, बापूंचा पासपोर्ट रद्द करून घेणं, विमानाच्या कार्गोची वेळ, हे सगळं तू एकटीनं केलंस आणि दादा नुसता रडत होता. बीपीपुढं 'नाही' त्यानंच लिहिलं होतं ना? आणि पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा म्हणून मी ओरडत होते. कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं, फी नाही, वकील लागत नाही. त्यानं 'बघू' 'बघू' करत वर्ष घालवलं. निदान त्यांनी ऐकून तरी घेतलं असतं. असो, त्यावरून आपलं भांडण झालंय, परत नको.

भांडणावरून आठवलं, तुझी आल्टो. २०१९ चा पूर, गावभागातलं तुझं घर, आणि पाणी उतरल्यावर आपण दोघी चिखलातून गेलो ती सकाळ. आजवर तू जगाला सांगत आलीस की विजूनं सांगितलं म्हणून मी किल्ली फिरवली. मी डिकी उघडून बघ म्हणाले होते! पण मला आठवतंय ते पुढचं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, वहीत मान घालून विचारलं, "पाणी शिरल्यावर गाडी चालू केली होती का?" मी तुझ्या पायावर पाय दिला. आणि तू त्याच्याकडे बघून 'हो' म्हणालीस. इंजिनाचा एक रुपया मिळाला नाही. पाण्यात भिजलेलं इंजिन चालू केलं की तो मालकाचा दोष, वेगळं इंजिन कव्हर घेतलेलं नसेल तर गेलं. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही, आठवतं? माझ्याच घरात राहत होतीस तरी.

खरं सांगून नुकसान सोसलं ते तू, आणि दुसऱ्यानं खोटं लिहिल्यामुळं परक्या देशात उभी राहिलीस तीही तूच. दुसऱ्या कुणाला हे विचारलं असतं तर एकच बाजू सांगितली असती.

तर मी काल रात्री लिहून टाकलं. सगळं. स्टेंट, बीपी, गोळ्यांची नावं, अँजिओप्लास्टीचं साल. प्रीमियम दुपटीच्या वर गेला. माझ्या पेन्शनच्या खात्यातून भरला, मोहनला माहीत नाही.

खरी अडचण मोहनची नाहीच, आईंची आहे. गेल्या आठवड्यात सहज विषय काढला, म्हटलं फॉर्मवर आजार लिहायचे असतात. तर म्हणाल्या, "मला कुठं आजार आहे? ते बसवून झालं." मी म्हटलं, गोळ्या? "गोळ्या आजार होऊ नये म्हणून असतात." मला आधी हसू आलं, मग झोपताना लक्षात आलं. या बाईला पैशांचं काही पडलेलं नाही. कागदावर एकदा 'हृदयविकार' लिहिलं गेलं की कुणीतरी म्हणेल, मग यांना कशाला न्यायचं? तसं म्हणणारे आमच्या घरात कमी नाहीत. नणंदबाई पहिल्या. म्हणून त्या सगळं लपवतात. मागच्या महिन्यात जिन्यात थांबत होत्या, मला दिसलं, तर म्हणाल्या चप्पल अडकली.

आणि बर्फ कुठं बघायचा तर युंगफ्राऊवर. रेल्वे स्टेशनच ३,४५४ मीटरवर, महाबळेश्वरच्या अडीचपट उंच. पॉलिसीत एक कलम असतं, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध प्रवास केला तर काही नाही. म्हणजे डॉक्टरांना विचारलं पाहिजे, आणि विचारल्यावर ते 'नको' म्हणाले तर? न विचारता गेलं तर ते माझ्या मनाला पटत नाही. सोमवारी त्यांना मिरजेला घेऊन जाते, नेहमीची तपासणी म्हणून. आत गेल्यावर मीच विषय काढणार. डॉक्टर वर जायला नको म्हणाले तर खाली इंटरलाकेनला बसून लांबून बघू, पण ते त्यांनी सांगावं, नणंदेनं नको. आईंना मी आधीच सांगावं का? तू बापूंना ओळखत होतीस, तशीच ही माणसं. तुझ्या जागी मी असते तर... बघ, तुलाच विचारतेय.

दोन कामं कर. तेव्हा त्या फोनवर पहिल्यांदा काय काय विचारलं होतं, पॉलिसी नंबर, दवाखान्याचं नाव, आणखी काय, ते आठवेल तसं लिहून पाठव. मी कागदावर उतरवून चिन्मयच्या आणि माझ्या पर्समध्ये ठेवणार. आणि दवाखान्यात भरती करताना आधी फोन केला नाही म्हणून तुला काही ऐकवलं होतं ना, ते नीट सांग.

प्राजूचे दिवस भरत आले असतील. डोहाळजेवणाचे फोटो बघितले, तिला हिरवं शोभतं. तुझा नागपूरचा फ्लॅट किती मजल्यावर आहे? उन्हाळ्यात कशी राहतेस बाई. भडंग कुरिअर केलंय, दोन किलो, जावयाला तिखट चालत नसेल तर तू खा.

तुझी,
विजू

ता. क. मोहन तुला फोन करेल, पत्रात काय होतं म्हणून. आल्टोवरून भांडलीय म्हणून सांग.