सूचना: बंदरावरची सहल स्वतः ठरवण्याआधी

सभासदांनो, क्रूझचं जहाज बंदरात थांबलं की करायची सहल ठरवताना जहाज सुटण्याची वेळ धरू नका, परत चढण्याची शेवटची वेळ धरा. ती बहुधा अर्धा तास आधी असते, कधी तासभरही. त्यानंतर स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. जहाजाच्या सहलीची, म्हणजे क्रूझ कंपनीकडून घेतलेल्या सहलीची, बस अडकली तर थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची सोय कंपनी करते. जहाजाच्या सहलीला जादा पैसे मोजायचे ते मुख्यतः यासाठी.

म्हणून अंतर बघा. फ्रान्सच्या ल हाव्र बंदराहून पॅरिस जवळपास 200 किमी. तिथे जहाजाचीच सहल घ्या. माल्टाच्या व्हॅलेटात मात्र धक्क्याजवळच्या लिफ्टने वर गेलं की जुनं शहर समोरच, तिथे बसचे पैसे कशाला?

ग्रीसच्या सान्तोरिनी बेटासारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता समुद्रातच थांबतं. छोट्या बोटींत आधी सहलवाल्यांना नेतात, तेव्हा तुमच्या गाईडला दीड-दोन तास नंतरची वेळ द्या. वारा वाढला तर त्या बंदरावरचा थांबाच रद्द होतो. जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या चालकाकडून मात्र ही अट आधी लेखी घ्या.

आणखी एक, यात फार जण फसतात: फोन स्थानिक वेळ आपोआप पकडतो, जहाजाची वेळ वेगळी असू शकते. उतरण्यापूर्वी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवरच्या पोर्ट एजंटच्या (बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या) नंबरचा फोटो, पासपोर्टची प्रत आणि दिवसभराची औषधं सोबत हवीतच. परतीला किमान दीड तास हाताशी ठेवा.